वाक्यात उपयोग

नातीचा गृहपाठ आजोबाच घ्यायचे. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, त्यांना त्यात गोडी होती.

"आजोबा, लाडीगोडी लावणे म्हणजे काय हो?"

"आपला मतलब साधायला समोरच्याला गोड गोड बोलून घोळात घेणं."

नातीने वाक्य लिहून वही पुढे केली. 'बाबा आजोबांना लाडीगोडी लावून उद्या फिरायला नेणार आहेत.'

आजोबांना हसू आलं. एरवी धड न बोलणारा मुलगा आठवडाभर 'अण्णा, अण्णा' करत मागेपुढे होता खरा. परवा नवे बूटही घेऊन आला होता. म्हातारा जीव सुखावला होता.

"वाक्य चुकलं, बाळा. मला फिरायला नेण्यात बाबाचा कसला आलाय मतलब?"

"असं कसं? ही खोली मला मिळणार ना! तुमच्यासाठी तिकडे दुसरी बघून ठेवलीय. पण तुम्हाला सांगायचं नाहीये."

आजोबांनी ते वाक्य पुन्हा वाचलं.

तेवढ्यात मुलगा दारात आला. "अण्णा, तुम्ही कशाला दमता? बॅग मी भरतो की," असं म्हणत त्याने कपाट उघडलं आणि एकूण एक कपडे बाहेर काढायला सुरुवात केली.