दरोड्याची गाडी

"परवाना असला तरी पिस्तूल घेऊन गाडीत बसता येणार नाही, बाई," फलाटावरचा म्हातारा गार्ड म्हणाला. "बागेत खुशाल फिरा. गाडीत नको."

आईनं पर्स काखेत आणखी घट्ट धरली. मागे रांग खोळंबली. कर्स्टनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नियम बरोबरच होता. करमणुकीच्या बागेतली वाफेची ही गाडी डोंगराला वळसा घालायची आणि वाटेत खोटे दरोडेखोर घोड्यांवरून येऊन हवेत बार काढायचे. त्यांना पाहून एखाद्या शूरवीरानं खरं पिस्तूल काढलं, तर बिचाऱ्या नटांची पंचाईत. अमेरिकेतल्या या ओझार्कच्या डोंगरात असे शूरवीर पावलोपावली भेटतात. पण आपली आई त्यांतली निघेल असं कुणी गेल्या वर्षी सांगितलं असतं, तर कर्स्टन पोट धरधरून हसली असती.

जानेवारीत बाबांनी हार्डवेअरचं दुकान बंद केलं. गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. आणि त्यानंतर महिन्याभरात, उंदराच्या सापळ्यालाही हात न लावणाऱ्या आईनं परवाना काढला. बाबांचं जुनं पिस्तूल पर्समध्ये टाकलं ते टाकलंच. चर्चला पर्स, किराणा आणायला पर्स, न्हाणीघरातसुद्धा पर्स. घरी बसून दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या बघते आणि हे भूत डोक्यात घेते, असं कर्स्टननं कधीच ठरवून टाकलं होतं. बाबा बिचारे हसून साजरं करत. "आमच्या फौजदारबाई," म्हणत.

"आजी, तू माझ्याशेजारी बसणार होतीस," टिली रडवेली झाली. आज तिचा सहावा वाढदिवस होता.

"बाहेर आपल्या ट्रकमध्ये कुलपात ठेव ना ते," कर्स्टन दातओठ खात आईला म्हणाली.

"ट्रकमध्ये ठेवलेलं हाती लागतं कुणाच्या तरी."

"मी बसतो की ते घेऊन ट्रकमध्ये," बाबा म्हणाले. "तुम्ही तिघी जा. मला कुठे दरोड्याची हौस आहे?"

"नको," आई म्हणाली. एवढंच. नवऱ्याच्या चांगुलपणाबद्दल एक गोड शब्द नाही.

कर्स्टनचं डोकंच फिरलं. तिनं आईला बाजूला ओढलं.

"तुला नात हवी की ते पिस्तूल, एकदाच ठरव. आज तू तिच्याशेजारी बसली नाहीस, तर उन्हाळ्यात टिली तुमच्याकडे येणार नाही. पुढच्याही नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. बोल."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. टिली येणार म्हणून तिनं मागची खोली पिवळी रंगवून ठेवली होती. ती टिलीकडे बघत राहिली, मग बराच वेळ बाबांकडे. शेवटी तिनं पर्स कर्स्टनच्या हातात दिली.

"इथंच बाकावर बस. मांडीवरून हलवू नकोस. कुणाला देऊ नकोस."

"कुणाला देणारेय मी? त्या घोडेवाल्यांना?"

"कुणालाही." मग ती वळली. "वेंडेल, तू माझ्याबरोबर चल."

"जशी आज्ञा, फौजदारबाई," बाबा म्हणाले आणि टिलीचा हात धरून चालू लागले.

बाकावर बसल्यावर कर्स्टनला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला रडूच आलं. लहानपणी पुराच्या पाण्यातून हीच आई तिला पाठुंगळी घेऊन चालत गेली होती. एवढी धीट बाई अशी कशी झाली?

"मम्मी हवी म्हणून हटून बसलीये तुझी लेक." बाबा एकटेच परत आले होते. "जा, माझी जागा रिकामी आहे. सरबत आणतो असं सांगून निसटलोय."

"पण ही पर्स..."

"आण इकडे. माझंच तर आहे ते. मी बसतो ट्रकमध्ये, गुडघ्यांनाही बरं."

इंजिनानं शिट्टी दिली. कर्स्टननं पर्स त्यांच्या हातात ठेवली. बाबांनी तिच्या गालावर हात फिरवला.

"आईवर रागावू नकोस गं. फार ओझं वाहिलंय तिनं. आता जरा मोकळी होऊ दे."

कर्स्टनला भरून आलं. हा असा बाप! सकाळीच त्यांनी आपले मासे धरायचे सगळे गळ तिच्या नवऱ्याला देऊन टाकले होते. "मी आता कुठे जातोय तळ्यावर," म्हणाले होते. अशा देवमाणसाच्या पदरी घाबरट बायकोबरोबरचं हे म्हातारपण यावं, याचं तिला फार वाईट वाटलं.

ती धावत सुटली आणि सुटत्या गाडीत चढली. टिलीनं आनंदानं किंकाळी फोडली. मागे बाबा ट्रकांच्या गर्दीकडे सावकाश चालले होते. गाडी वळणाआड गेली आणि ते दिसेनासे झाले.

आईचं लक्ष कर्स्टनच्या रिकाम्या हातांकडे गेलं.

"पर्स कुठाय?"

"बाबांकडे."

आई ताडकन उभी राहिली. "थांबवा! गाडी थांबवा!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. तेवढ्यात झाडीतून घोडे आले, धडाधड बार झाले आणि डब्यातली माणसं हसली. ही बाईही खेळातलीच, असं त्यांना वाटलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. टिलीनंही वाजवल्या.

"आई, खाली बस!" कर्स्टननं तिचा झगा ओढला. "तमाशा करू नकोस. बाबांकडेच आहे ना ती? चोरानं तर नाही नेली!"

आईनं तिचे दोन्ही दंड धरले.

"मला चोरांची भीती कधी होती गं?" ती म्हणाली. "फेब्रुवारीत तुझ्या बाबांनी ते पिस्तूल स्वतःवर रोखलं होतं."