खर्चाची ओळ

“तार तुमची, भिंत माझी,” विक्रमसिंह म्हणाला. “मग खर्च माझा कसा?”

सुधाताईंनी कॉम्प्युटरवरून नजर काढली नाही. समोर माधवगंजातले एक पेन्शनर बसले होते आणि ते जिवंत असल्याचा दाखला सरकारला पाठवायचा होता. “हलवायची कुणाला आहे?” एवढंच त्यांनी विचारलं.

तीन आठवडे हेच चाललं होतं. टोपी बाजारातल्या विक्रमसिंहाच्या दुमजली इमारतीच्या दर्शनी भिंतीवर टेलिफोनचा डबा होता. त्यातून निघालेल्या टेलिफोनच्या आणि इंटरनेटच्या तारा दारावरून लोंबत सुधाताईंच्या भाड्याच्या ऑफिसात शिरत. तारांशिवाय ऑफिस एक दिवस चाललं नसतं. यजमान बळवंतराव गेल्यापासून लोकांचे फॉर्म भरून देणं हीच त्यांची रोजीरोटी होती, आणि फॉर्म आता सगळे ऑनलाइन. कंपनीचा माणूस येऊन वर बघून गेला. बाजूच्या भिंतीवर नेऊ, सहा हजार आठशे लागतील, म्हणाला. कुणी द्यायचे, यावर त्याचं उत्तर तयार होतं. “जो हटवाएगा, वही भरेगा, साहब.”

रंगकाम काढलंय, असं विक्रमसिंहाने सुधाताईंना सांगितलं होतं. खरं म्हणजे इमारत विकायची होती. इंदूरच्या एका कापडवाल्याला तिथे काचेचं शोरूम करायचं होतं. भिंत मोकळी झाली की तो बयाणा देणार होता, आणि जागा रिकामी झाली की बाकीचे पैसे.

जागेचा प्रश्न वकील रमाकांतजींनी आधीच निकालात काढला होता. बाईंकडे करारनामा आहे? नाही. भाड्याची पावती? एकही नाही. विक्रमसिंहाचे वडील शिवाजीराव दर एक तारखेला ऑफिसात बसून चहा घेत, भाडं खिशात घालत आणि म्हणत, आपल्या माणसांत पावती कसली. मग काळजी नको, वकील म्हणाले. ओळखीखातर बसायला जागा दिली होती, आता परत घेतोय, असं सांगू. फोनचं बिल त्यांच्या नावावर असलं तरी त्यावरून भाडं देत होत्या हे ठरत नाही. मात्र त्यांना किरायेदार, म्हणजे भाडेकरू, म्हटलेला एक कागद जरी निघाला, तर पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील. सौदा विसरा. विक्रमसिंहाने घरातली सगळी कपाटं उपसली. तसा कागद नव्हता.

एवढं सगळं जुळून आलेलं असताना माणसाने सहा हजार आठशे रुपये फेकून मोकळं व्हावं. पण विक्रमसिंह कोट्यवधींच्या सौद्यात जेवढा दिलदार, तेवढाच शेकड्यांत चिक्कू. चौथ्या सोमवारी तो ऑफिसात जाऊन बसला आणि म्हणाला, रंगारी उद्या तारा कापून टाकतील, मग मला बोल लावू नका.

सुधाताईंनी हातातला अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “ठीक आहे, मी देते. बळवंतराव आजारी होते तेव्हा सहा महिने भाडं थकलं. तुझ्या आबांनी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांच्या भिंतीसाठी एवढं तर करेनच मी.”

इथे त्याने उठायला हवं होतं. पण जिंकलेलं पक्कं करून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

“लिहून द्या,” तो म्हणाला. “तोंडी काही नको.”

“विक्रम, सव्वीस वर्षं सगळं तोंडीच चाललं.”

“ते आबांचं होतं. माझं कागदावर असतं.”

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. शाळेतून येताना याच टेबलाशी बसून तो गणितं करायचा. त्याला थोडी लाज वाटली, पण तो उठला नाही. सुधाताईंनी कोरा कागद ओढला आणि कंपनीच्या दफ्तरात चालेल अशा स्वच्छ हिंदीत अर्ज लिहायला घेतला. अर्ध्या लश्कर पेठेचे अर्ज त्या हाताने लिहिले होते. कुठे खाडाखोड नव्हती, घाईही नव्हती. लिहून झाल्यावर त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. भिंत तुझी आहे, तेव्हा अर्ज तुझ्या नावाने हवा, खाली सही कर, म्हणाल्या. त्याने खर्चाची ओळ शोधली, तिच्यावर बोट ठेवलं. “व्यय स्वयं वहन करेंगी.” मनासारखं होतं. त्याने तीन प्रतींवर सह्या केल्या. सुधाताईंनी त्याच दुपारी कंपनीत जाऊन पैसे भरले, तिन्हींवर पोच घेतली आणि एक प्रत आठवणीने त्याच्या घरी पोचवली.

दोन दिवसांत तारा बाजूच्या भिंतीवर गेल्या. दर्शनी भिंत स्वच्छ झाली. विक्रमसिंह तीळगुळाच्या गजकेचा डबा आणि तो कागद घेऊन रमाकांतजींकडे गेला. बाईंकडूनच वसूल केले, म्हणाला. वर लिहूनही घेतलं.

रमाकांतजींनी गजकेचा तुकडा तोंडात टाकला आणि कागद पहिल्यापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “मेरी किरायेदार श्रीमती सुधा चांदोरकर, जो सन १९९८ से मेरे पिताजी को और उनके पश्चात मुझे नियमित किराया देती आ रही हैं...” पुढे त्यांचा आवाज आपोआप खाली आला. त्यांनी सही पाहिली, कंपनीचा शिक्का पाहिला, तारीख पाहिली. मग डब्याचं झाकण लावून टाकलं.

“सही करण्यापूर्वी हे वाचलं होतंत?”

“वाचलं तर,” विक्रमसिंह म्हणाला. “खर्चाची ओळ दोनदा वाचली.”