मळून ये

तिसरा पावही विटेसारखा टणक निघाला. मी काचेच्या भांड्याचं झाकण ओट्यावर आदळलं आणि सासूबाईंसमोर त्यांचीच जुनी चिठ्ठी धरली. लग्नानंतर त्यांनी लिहून दिलेली ही कृती मी तेव्हा रागाने कपाटात कोंबली होती. गेल्या आठवड्यात आवरताना सापडली.

“बघा! सगळीकडे ‘कालवावे, झाकावे, भाजावे’, आणि मळायची वेळ आली की ‘मळून ये’! नव्या सुनेला हुकूम? तरी रोज अर्धा-अर्धा तास मळतेय. हात गळून गेले माझे.”

त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला.

“अगं बाई, ‘मळू नये’ आहे ते! पीठ कालवून रात्रभर झाकायचं आणि सकाळी भांड्यासकट ओव्हनमध्ये सारायचं. तू बँकेतून दमून यायचीस, म्हणून मुद्दाम बिनमळणीचा पाव लिहून दिला होता तुला.”

सव्वीस वर्षं मी त्या दोन शब्दांचा राग धरून बसले होते.

“मग मध्ये जरा जागा सोडायची ना, आई!” मी ओरडलेच.

“सोडली होती गं,” त्या म्हणाल्या. “तूच फणकाऱ्यात वाचलीस.”