मानेखालचा हात

विश्वासाने पाण्यावरही चालता येतं, असं पस्तीस वर्षं चर्चमध्ये सांगणारे पाळकसाहेब स्वतः मात्र घोट्याहून खोल पाण्यात कधी उतरले नव्हते. बायको गेल्यापासून त्यांची प्रार्थनाही आटली होती. शब्द तोंडपाठ होते, पण त्यांत मन नव्हतं. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तेव्हा सात वर्षांची नातच त्यांना उथळ तलावात घेऊन गेली. "आजोबा, पाठीवर झोपा." "बुडेन गं." "धडपडलात तर बुडाल. मी मानेखाली हात धरते ना." त्यांनी डोळे मिटून अंग सैल सोडलं. कान पाण्याखाली गेले, जग शांत झालं. डोळे उघडले तेव्हा वर निळंशार आभाळ होतं आणि नात पायरीवर बसून पाय हलवत होती. हात तिने केव्हाच काढला होता. ते घाबरले नाहीत. "बापा," ते पुटपुटले, "केवढं मोठं केलंस रे हे आभाळ."