लो मोटर

नव्या पंपिंग स्टेशनसाठी इंजिनीयरबाईंनी हाय व्होल्टेज मोटरी सुचवल्या. एवढ्या मोठ्या पंपांना लो व्होल्टेज दिलं, तर मांडीएवढ्या जाड केबलीही तापतील आणि टेकडीवरच्या वस्तीला पाणी पोचायचं नाही, हे त्यांनी घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं.

"हाय म्हणजे बिलही हाय," पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष दात कोरत म्हणाले. "बाई, काहीतरी लो आणा. एवढं तर आमच्या सौ.ला पण कळतं."

पालथ्या घड्यावर पाणी. बाई उठल्या आणि पुढच्या बैठकीला 'लो करंट' मोटरींचा प्रस्ताव घेऊन आल्या. अध्यक्षांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली.

"बघा, शिकलेल्यांनाही शिकवावं लागतं."

बाईंनी मान डोलावली.



मोटर तीच होती. व्होल्टेज हाय असलं की तेवढ्याच कामाला करंट लोच लागतो.