दोन डाव्या बाह्या

"मास्तर, थोडं बसून घ्या," दुकानाचे मालक तिसऱ्यांदा म्हणाले.

मास्तर बसले नाहीत. पाच महिन्यांनी ते कटिंगच्या टेबलाशी उभे होते. त्यातले दोन महिने मनोरुग्णालयात गेले होते, उरलेले घरातल्या भिंतीकडे बघण्यात. आता झोप लागत होती, हात थरथरत नव्हते. पण सकाळपासून दुकानात कुणी धड बोलत नव्हतं. महागाचं कापड मालकांनी स्वतःकडे घेतलं आणि मास्तरांपुढे एका साध्या शर्टाचं कापड ठेवलं.

"घाई नाही हं. सावकाश होऊ द्या."

मास्तरांनी सावकाशच कापलं.

दुपारी त्यांचं सहज मशीनकडे लक्ष गेलं. शिवणाऱ्या कारागिराने एक बाही गुपचूप खणात सारली होती आणि उरलेल्या कापडातून तो स्वतःच दुसरी कापत होता. मास्तरांना उमगलं. दुसऱ्या बाहीसाठी कापड उलटायचं राहिलं होतं. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या होत्या. शिकाऊ माणसाची चूक.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

"छे हो, कुठे काय! होतं असं," कारागीर म्हणाला. मालक मान खाली घालून टेप गुंडाळत राहिले.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. उद्यापासून येत नाही, एवढंच सांगायचं होतं. शब्द जुळवत ते मालकांकडे वळले.

तेवढ्यात काजं-बटणं करणारी मावशी कोपऱ्यातून उठली. खणातली बाही ओढून तिने ती उजेडात धरली.

"काय हो मास्तर, गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत का?"

"मावशी, अहो..." मालक दबक्या आवाजात म्हणाले.

"मावशी काय मावशी! आजारी होतात ते कबूल. म्हणून कापडाची सुलट बाजू दिसेना? एवढं चांगलं कापड, मातीत घातलंत! चष्मा तरी पुसा."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तुम्ही काही सांगत होतात?" मालकांनी हळूच विचारलं.

मास्तरांनी कारागिराच्या हातातली नवी बाही घेतली आणि टेबलावर सपाट पसरली.

"ही तू कापलीस?" ते म्हणाले. "बोटभर आखूड आहे. गिऱ्हाइकाने काय हात आखडून हिंडायचं?"