एकलकोंड्यांचा खण

“हे काय आहे, आजोबा?” तपासणाऱ्या बाईंनी कपाचं चित्र समोर धरलं.

कोशकारांचे ओठ हलले. आवाज आला नाही. बाईंनी कागदावर फुली मारली. दहा चित्रांतली ही सहावी फुली होती.

लेक खाटेच्या कडेला अंग चोरून बसली होती. मध्ये बोलायचं नाही, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. त्यांच्या फाइलीत दोन फॉर्म होते. निळा उपचार विभागाचा. तिथे एकच खाट रिकामी होती, आणि ज्याची समज शाबूत आहे त्यालाच ती मिळणार होती. पांढरा फॉर्म निवासी केंद्राचा. तिथे गेलेला माणूस पुन्हा बोलायला लागून घरी आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

किल्ली. फुली. चष्मा. तो त्यांच्या नाकावरच होता, तरी फुली. कंगव्यालाही फुली. चाळीस वर्षं दुर्मिळ इंग्रजी शब्द गोळा करणाऱ्या माणसाला साध्या वस्तूंची नावं सापडत नव्हती.

लेकीला रडू येत होतं आणि रागही. या शब्दांपायी बाबांनी घराकडे कधी धड पाहिलं नव्हतं. जेवायच्या टेबलावर कार्डं, तिच्या पलंगाखाली कार्डं. शाळेला सुट्टी लागली की इतर मुली खेळायला जात, आणि ही मात्र कार्डं क्रमाने लावत बसे. नियम कडक होते. कार्डावर शब्द, अर्थ, आणि उजव्या कोपऱ्यात वापराचा आकडा. घराबाहेरच्या कुणीतरी, अर्थ समजून, वाक्यात लिहिलेला असेल तरच तो वापर धरायचा. असे दोन वापर मिळाले की शब्द कोशात जाई. एकच मिळाला तर खालच्या खणात. बाबा त्याला एकलकोंड्यांचा खण म्हणत.

“एकदा काय, कुणीही काहीही बरळतं,” असं ते म्हणायचे.

शेवटचं चित्र पेनाचं होतं. त्यावर ऊन चमकत होतं, म्हणून बाईंनी उठून खिडकीचा पडदा ओढला. बाहेर कडाक्याची थंडी होती.

“ॲप्रिसिटी,” कोशकार म्हणाले.

पक्षाघातानंतरच्या दोन आठवड्यांत त्यांच्या तोंडून फुटलेला हा पहिला आवाज होता. बाईंनी लिहिलं, ‘निरर्थक उच्चार’.

“निरर्थक नाहीये तो,” लेक बोलून गेली. “शब्द आहे. थंडीतल्या उन्हाची ऊब. मी स्वतः लावलंय ते कार्ड. तुम्ही पडदा ओढलात ना, म्हणून म्हणाले ते.”

“ताई, वीस वर्षं मी हेच काम करतेय. घरच्या प्रत्येकाला असंच वाटतं.” बाईंचा आवाज कोरडा होता, पण वाईट नव्हता. “एकदा काय, तोंडातून काहीही निघतं.”

बाबांचंच म्हणणं बाबांवर उलटलं होतं.

बाई हट्टी असल्या तरी खोट्या नव्हत्या. त्यांनी पडदा पुन्हा बाजूला सारला. ऊन पांघरुणावर आलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. कोशकार काहीच बोलले नाहीत. बाई चित्रं गोळा करू लागल्या. तेवढ्यात कोशकारांनी आपला चालता हात, डावा, पुढे केला. लेकीचा गारठलेला हात धरला आणि ओढून उन्हात नेऊन ठेवला.

बाबांनी आपला हात शेवटचा कधी धरला होता, ते तिला आठवेना.

बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात जे दिसलं ते लिहिलं, आणि वाचूनही दाखवलं. “रुग्णाने मुलीचा थंड हात ॲप्रिसिटीत नेऊन ठेवला.” मग त्या म्हणाल्या, “पण शेऱ्याला गुण नसतात, ताई. चित्रांना असतात. दहापैकी शून्य.”

त्यांनी पांढरा फॉर्म पुढे सरकवला. लेकीने पेन उचललं. सही कुठे करायची ते तिला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसत नव्हतं.

कोशकारांनी पेन तिच्या हातातून काढून घेतलं.

त्यांना तो फॉर्म नको होता. त्यांनी तपासणीचा कागद जवळ ओढला आणि वाचायला घेतला. बोलता येत नाही म्हटल्यावर त्यांना वाचायला देऊन बघावं, हे कुणाला सुचलंच नव्हतं. वाचत वाचत ते शेऱ्यापाशी आले. तो त्यांनी दोनदा वाचला. मग कागदाच्या उजव्या कोपऱ्यात डाव्या हाताने एक वाकडातिकडा आकडा काढला. दोन.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

लेकीला ते कार्ड आठवत होतं, आणि ते कुठल्या खणात आहे तेही.

“शब्द किती जणांनी वापरला, तो आकडा,” ती म्हणाली. “या शब्दाचा त्यांना एकच वापर मिळाला होता. चारशे वर्षांपूर्वीचा. दुसरा तुम्ही आत्ता लिहिलात.”

बाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी फाइलीतून निळा फॉर्म काढला आणि पेनासाठी हात पुढे केला.

कोशकार पेन सोडायला तयार नव्हते. ते ‘निरर्थक’ या शब्दावर काट मारत होते.